वालदोरेसच्या मखरातील डावा देवदूत

मित्रांनो, माझे वय विचाराल तर मला दोन वये सांगावी लागतील: एक लाकडाचे, दुसरे मूर्तीचे. लाकूड म्हणून मी एका चेस्टनटच्या झाडात वाढलो. मूर्ती म्हणून माझा जन्म सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा. स्पेन देशाच्या वायव्य टोकाला गॅलिशिया नावाचा डोंगराळ आणि सदा ओला प्रांत आहे. तेथल्या वालदोरेस या खेड्यात करड्या दगडांचे एक ठेंगणे चर्च होते, आणि त्या चर्चमध्ये वेदीमागच्या लाकडी मखरात मी डावीकडे उभा होतो. उजवीकडे माझा जुळा भाऊ होता. आम्ही दोघे देवदूत.

मखर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. तुमच्याकडचे मखर सणापुरते असते. आमचे जमिनीपासून छतापर्यंत चढलेले आणि कायमचे होते. त्यात पिळदार खांब होते, खांबांवर द्राक्षवेली होत्या, वेलींवर पाखरे होती, आणि मध्ये एका संताची मूर्ती होती, जिच्याकडे पोहोचेपर्यंत पाहणाऱ्याची नजर दहा ठिकाणी अडकत असे. या घडणीला बरोक म्हणतात. काही विद्वान तिला अतिरेक म्हणतात. त्यांचे मत मी ऐकले आहे आणि मला ते मान्य नाही. त्यांनी ती घडण पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली पाहिलेली असते. ज्या घरात खिडक्या बोटभर, ज्या प्रांतात वर्षाचे आठ महिने आभाळ झाकलेले, तेथे दोन मेणबत्त्यांच्या उजेडात सोन्याचा वर्ख कसा हलतो हे ज्याने पाहिले नाही, त्याने अतिरेकाविषयी बोलू नये.

आम्हाला घडवणाऱ्या कारागिराचे नाव अमारो. हा गावोगाव फिरणारा मनुष्य. मोठ्या शहराच्या मोठ्या चर्चमध्ये त्याने उमेदीची वर्षे काढली होती, पण तेथे तो दुसऱ्यांच्या संतांचे तळवे आणि बोटे कोरीत असे. वालदोरेसने त्याला प्रथमच अख्खे मखर दिले. त्याने एक पूर्ण हिवाळा गावच्या गोठ्याशेजारी काढला आणि आपल्या हातून जे जे व्हायचे राहून गेले होते ते ते सगळे त्या एका मखरात ओतले. द्राक्षांचे घोस त्याने त्या खोऱ्यातल्या द्राक्षांसारखे बारीक आणि आंबट काढले. पाखरांमध्ये एक साधी कोंबडीही आहे. गावाने तिच्यावरून त्याची पुष्कळ थट्टा केली, आणि पुढे त्याच कोंबडीचा गावाला अभिमान वाटू लागला.

आता अमारोची एक रीत सांगतो. ती नीट ध्यानात घ्या, कारण माझी सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. लाकूड तडकते ते गाभ्याच्या पायी. म्हणून अमारो अख्खा ओंडका कधी कोरीत नसे. तो ओंडका उभा चिरी, गाभा काढून टाकी, आणि दोन फाकांच्या दोन मूर्ती करी. शेंग उकलावी तसे आम्ही दोघे भाऊ एकाच खोडातून निघालो. मग पाठीकडून त्याने आम्हाला पोखरून पातळ केले. पायांखाली मात्र त्याने एक ढग ठेवला. तो ढग तेवढा भरीव होता, ओंडक्याच्या पुऱ्या रुंदीचा. त्याच्या तळाशी झाडाची सारी वर्षवलये जशीच्या तशी राहिली: पावसाळी वर्षाचे रुंद, कोरड्या वर्षाचे अरुंद. माझ्या ढगाचा तळ आणि भावाच्या ढगाचा तळ शेजारी ठेवले असते, तर एकाच भाकरीचे दोन तुकडे जुळावेत तसे ते जुळले असते.

आम्ही कामाला लागलो. देवदूताचे काम काय, असे तुम्ही विचाराल. उभे राहणे आणि ऐकणे. बायका येत, गाय व्यायची असली की येत, मुलगा समुद्रापार जायचा असला की येत. हळूहळू मुलगे समुद्रापार जाण्याचेच प्रमाण वाढले. गावाची एक प्रेमळ खोड होती: दर पिढीत कोणीतरी आमचे गाल पुन्हा रंगवी. त्या रंगांमुळेच की काय, मुलांनी आम्हाला नावे ठेवली होती. मी हसरा आणि माझा भाऊ रुसका. खरे पाहता अमारोने आम्हा दोघांना एकच चेहरा दिला होता.

मग छप्पर गळू लागले. दुरुस्तीसाठी मखरातल्या सुट्या मूर्ती काढून गावातल्या धान्याच्या दगडी कोठारात, ठेंगण्या खांबांवर उभ्या असलेल्या कणगीत, ठेवल्या. मी गोणपाटात गुंडाळलेला होतो. मला एका जुन्या लाकडी पेटीत निजवले. भाऊ पेटीत मावला नाही, त्याचा एक हात उंचावलेला आहे. तो बाहेर भिंतीला टेकून राहिला. त्या वर्षांत गॅलिशियात एक व्यापारी मोटार घेऊन हिंडत असे. तो चकचकीत फॉर्मायकाचे नवे टेबल देई आणि जुनी पेटी नेई. ज्या घराच्या ताब्यात कणगीची किल्ली होती, त्या घरच्या सुनेला टेबल फार आवडले. पेटीत काय आहे ते तिने पाहिले नाही. व्यापाऱ्याने पहिल्याच वळणावर गाडी थांबवून पाहिले, झाकण लावले, आणि गाडी पुढे नेली.

माझ्या पाठीतली मखरात अडकवायची खुंटी त्याने करवतीने कापून टाकली, म्हणजे मी टेबलावर उभा राहीन. माझ्या रिकाम्या जागी गावाने पुढे फळी ठोकली आणि वरून चुना फासला. मी तेथे होतो असे दाखवणारे एकच छायाचित्र गावात आहे, एका लग्नाचे. त्यात नवऱ्या मुलाच्या उंच भावाचे डोके नेमके माझ्या पुढे आले आहे.

अशा रीतीने मी नेदरलँड्समध्ये आलो. हेगला लागून असलेल्या फोरबर्गमध्ये, कालव्याकाठच्या एका घराच्या खिडकीत मी जवळजवळ पन्नास वर्षे उभा राहिलो. या देशात संध्याकाळीही खिडक्यांचे पडदे ओढायची पद्धत नाही, त्यामुळे सायकलीवरून जाणारे सारे मला पाहत. मला विकत घेणारा गृहस्थ सज्जन होता. तो दर शनिवारी मऊ ब्रशने माझी धूळ झाडी. व्यापाऱ्याने त्याला वालदोरेस हे नाव बोलण्याच्या ओघात सांगितले होते, आणि ते त्याने आपल्या मुलांना सांगितले. एवढेच. नाव सांगणे म्हणजे पुरावा नव्हे.

तो वारला तेव्हा घर त्याचा मुलगा खेरित आणि त्याची बहीण यांच्याकडे आले. बहिणीला सारे विकायचे होते. खेरितच्या मनाला मात्र माझी टोचणी लागली. तो हट्टी आणि सरळ मनुष्य. त्याने बहिणीशी करार केला: देवदूत त्या चर्चचा आहे असे शास्त्राने ठरवले, तर तो परत जाईल, न ठरवले, तर लिलावात. मला पूर्वेकडे एनस्खेडेला नेण्यात आले. तेथल्या तंत्रविद्यापीठात मैत्री कांबळे नावाची संशोधक लाकडाचे अंतरंग यंत्राने पाहते. दवाखान्यात माणसाचे सीटी स्कॅन करतात तसेच, फक्त रोगी बोलत नाही.

मित्रांनो, माझ्या कानांवर मराठी शब्द प्रथम पडले ते त्या प्रयोगशाळेत. मैत्रीचे वडील राजानंद ठाण्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि उन्हाळ्यापुरते लेकीकडे आले होते. दुपारी ते गळ्यात पाहुण्याचे कार्ड अडकवून, हातात डबा घेऊन येत.

"हा का तुझा पाहुणा?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोर, आणि देवदूताला अंघोळ घालतेय!"

"अंघोळ नाही बाबा, धूळ काढतेय. आणि पूजा नाही, स्कॅन करतेय."

"हळद-कुंकू तेवढं राहिलं."

"डबा आणलाय की भाषण?"

"दोन्ही. डबा गार होतो, भाषण होत नाही. हे तुमचं थंडगार ब्रेड-चीज मला गिळवत नाही, म्हणून म्हटलं चपाती-भाजीच नेऊ." ते खुर्ची ओढून बसले. "काय दोष आहे याच्यात? कपाळ केवढं मोठं, हनुवटीच नाही."

"दोष नाही. याला खालून बघायचं असतं. खाली बसा आणि बघा."

राजानंद गुडघ्यांवर हात ठेवून कुरकुरत खाली बसले आणि त्यांनी वर पाहिले. "कारागीर वस्ताद होता," एवढेच म्हणाले, आणि उठायला लेकीचा हात मागितला.

मैत्रीने त्यांना सारे समजावले. माझ्या ढगाची वलये तिने मोजून घेतली होती. ती सुरेख उतरली होती. आता भावाच्या ढगाचा तळ पाहिला की झाले. वसंतातच तिने वालदोरेसला फोन केला होता. चर्चची किल्ली सांभाळणारी दोसिंदा नावाची बाई, ऐंशीच्या घरातली, हिने फोन उचलला होता. स्पेनमध्ये दोन वर्षे शिकल्यामुळे मैत्रीला ती भाषा येत होती.

"म्हणजे दोन तळ जुळले की संपलं?" राजानंदांनी विचारले.

"जुळले तर मग कुणाचा बापही नाही म्हणणार नाही."

"बापाला कशाला मधे आणतेस? आणि त्या बाईंना सांगितलंस का, यांचा दुसरा इथे आहे म्हणून?"

"नाही सांगितलं. फक्त म्हटलं, जुलैत येते, तुमच्या देवदूताचा तळ बघायचाय. आधी खात्री होऊ दे. उगाच म्हाताऱ्या माणसाला आशा लावायची आणि मग नाही म्हणायचं?"

"शाब्बास," राजानंद म्हणाले. "मी पोरांना हेच सांगायचो. पुरावा नाही तोवर तोंड मिटून बसायचं. लोकांनी आपल्याला हजारो वर्षं गोष्टीच सांगितल्या, पुरावा कुणी दिला नाही."

त्या क्षणी मलाही ते योग्य वाटले. आजही त्यात चूक कोठे होती हे बोट ठेवून दाखवता येणार नाही. शास्त्राच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाने जसे वागावे तसेच मैत्री वागली. आणि तिने जे सांगितले नाही, त्यातूनच पुढचे घडले.

जूनच्या अखेरीस, प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी, मैत्रीने दोसिंदाला व्हिडिओ फोन लावला. पडदा मोठा होता. राजानंद डब्याचे झाकण उघडत होते. पडद्यावर प्रथम कोणाचा तरी अंगठा दिसला, मग छत, मग एक सुरकुतलेला, उत्साहाने फुललेला चेहरा.

"पोरी, दिसतंय का? माझा भाचा धरून उभा आहे. अरे, नीट धर की, कोंबडी नाहीये हातात!"

"दिसतंय, आजी. कशा आहात?"

"मी कशीही असू दे, याला बघ आधी. बघ, कसा दिसतो!"

फोन फिरला, आणि पन्नास वर्षांनंतर मी माझ्या भावाला पाहिले.

उंचावलेला हात होता. कपाळ होते. गाल सफरचंदासारखे लाल आणि चकाकत होते, हा बहुधा दारे-खिडक्यांचा रंग असावा. माझ्या अंगचे तडे जणू एकदम मोकळे झाले. मग फोन खाली गेला. भावाच्या पायांखाली ढग नव्हता. नव्या पिवळ्या पाइनच्या लाकडाचा एक चौकोनी ठोकळा होता, त्याला पांढरा रंग दिला होता, आणि त्या पांढऱ्यावर निळ्या रंगाने ढगाच्या कडा काढल्या होत्या.

मैत्री खुर्चीत पुढे सरकली. "आजी, याच्या पायाखाली जुना ढग होता ना?"

"होता की! तोच तर कुजला होता. हात लावला की भुसा गळायचा. तू म्हणालीस, मी तळ बघायला येणार. मी म्हटलं, अरे देवा! परदेशातून शिकलेली बाई येणार आणि आमच्या देवदूताचे कुजके पाय बघून जाणार? लाज नाही वाटायची आम्हाला? पाहुणा यायचा म्हटलं की अंगण झाडतोच ना माणूस? भाच्यानं तीन आठवडे खपून केलंय. कीड लागलेली भोकं पण सगळी राळेनं भरली, आतून, बाहेरून. आता मी मेले तरी याला काही होत नाही."

"आणि तो कापलेला ढग? तो कुठे ठेवलाय?"

दोसिंदा किंचित दुखावली. "ठेवलाय म्हणजे? कचऱ्यात टाकला असं वाटलं की काय तुला? मंत्राचं पाणी पडलेलं लाकूड ते. आमच्याकडे असलं लाकूड चुलीतही घालत नाहीत. सान शोआनच्या सणाच्या शेकोटीत दिला. जेवढे उरलोय तेवढे सगळे आलो होतो. मी स्वतः हातांनी ठेवला. राख शेतांवर फेकली, जुनी रीत आहे. काय सुंदर जळाला, पोरी! निळी ज्योत."

राजानंदांना भाषा कळत नव्हती. पण लेकीची पाठ कळत होती. त्यांनी झाकण तसेच डब्यावर परत ठेवले.

तुमच्याकडे भंगलेली मूर्ती कोणी उकिरड्यावर टाकीत नाही, वाहत्या पाण्यात सोडतात. वालदोरेसने तेच केले. पाण्याऐवजी आग होती एवढाच भेद. त्या गावाने माझ्या भावाच्या पायांना त्यांच्या समजुतीप्रमाणे सर्वांत मोठा मान दिला आणि त्या मानातच आमच्या नात्याचा एकमेव साक्षीदार जळून गेला. कुजक्या लाकडातलीही वलये मैत्रीच्या यंत्राला दिसली असती.

आता लपवण्याजोगे काही उरले नव्हते. मैत्रीने पडद्यावरचा कॅमेरा माझ्याकडे वळवला.

दोसिंदाने फोन डोळ्यांपाशी नेला.

"हसरा," ती म्हणाली. "हा आमचा हसरा. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, शेजारच्यांनी विकला. त्यांच्याशी आम्ही बोलत नव्हतो. त्यांची मुलगी लहानपणी माझ्या वर्गात होती, तिच्याशीसुद्धा पुढे मी बोलले नाही." मग ती मैत्रीशी नव्हे, माझ्याशी बोलू लागली. "कुठे होतास रे? इतकी वर्षं कुठे होतास? ये आता. तुझी जागा आहे. चुना काय, आज दुपारीच खरवडते मी."



जुलैत मैत्री वालदोरेसला जाऊन आली. भावाचा उरलेला देह तिने जमेल तसा तपासला. पाठीकडून पोखरलेले पातळ लाकूड, त्यात किडीची भोके, आणि भोकांत भाच्याने भक्तिभावाने दाबून भरलेली राळ. वलयांचे तुकडे मिळाले, पण ते माझ्याशी जसे जुळत तसे त्या खोऱ्यातल्या दुसऱ्या कोणत्याही चेस्टनटशीही जुळले असते. माझ्या जागी ठोकलेली फळीही तिने काढून पाहिली. मागे ओल होती, बुरशी होती, आणि खुंटीची खाच कधीच कुजून गेली होती. परत आल्यावर तिने माझ्या ढगाचा फोटो पुन्हा पडद्यावर लावला आणि ती त्याच्याकडे पाहत बसली. माझा अर्धा भाग निर्दोष होता. भाकरीच्या एकाच तुकड्याला मात्र कोणी जुळले म्हणत नाही.

खेरित एका सकाळी आला. त्याने कोट काढला नाही.

"होय की नाही?" त्याने इंग्रजीत विचारले.

"शक्य आहे," मैत्री म्हणाली. "शैली जुळते, माप जुळते, लाकूड जुळते. पण सिद्ध झालेले नाही."

"तुम्हाला स्वतःला काय वाटते?"

"मला वाटते तो तिथलाच आहे. पण मला काय वाटते हे माप नव्हे."

"माझी बहीण 'शक्य आहे'वर सही करायची नाही. मी तिला ओळखतो." तो खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. लहानपणी तो खिडकीखाली बसून चित्रे काढी, तेव्हा तो मला असाच पाहत असे. "एक शब्द हवा, मेव्राउ कांबळे. 'सिद्ध'. तो लिहा, मी स्वतः गाडी चालवत नेऊन पोहोचवतो. वाटेत झोपणारसुद्धा नाही."

"मला माहीत आहे," मैत्री म्हणाली. "तुम्ही न्याल."

तो गेला. राजानंद कोपऱ्यात बसले होते. हे संभाषण इंग्रजीत झाल्यामुळे त्यांना अक्षरन् अक्षर कळले होते.

"लिही ना," ते म्हणाले.

मैत्रीने वळून पाहिले. "काय?"

"तो शब्द. लिहून टाक. कुणाचं काय जाणार आहे? ज्याचं आहे त्याच्याकडे जाईल."

"बाबा, हे तुम्ही म्हणताय?"

"हो, मीच म्हणतोय. ती म्हातारी चुना खरवडून बसलीये. तिचा चेहरा पाहिलाय मी."

"उद्या दुसरा कुणी येईल. त्याला वाटत असेल, ही मूर्ती अमक्याची. त्याच्याकडेही पुरावा नसेल, नुसतं वाटणं असेल, आणि त्याला वाटतं तेही अगदी मनापासून असेल. मग त्याला मी काय सांगू? माझं वाटणं खरं आणि त्याचं खोटं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती एकेक शब्द ओझ्यासारखा खाली ठेवत होती. "तुम्हीच शिकवलंत ना? आपल्याला गोष्टीच सांगितल्या म्हणून?"

राजानंदांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावला. "मी वर्गात शिकवायचो गं," ते म्हणाले. "समोर पोरं असायची. अशी म्हातारी नसायची."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मैत्रीने अहवाल लिहिला. त्यात 'शक्य' होते, 'सुसंगत' होते, 'सिद्ध' नव्हते. मी तिला दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. खोट्या शब्दावर स्वार होऊन मी घरी पोहोचलो असतो, तर माझ्यासारख्याच दुसऱ्या कोणाला एखादा खोटा शब्द घरातून बाहेर काढू शकला असता. हे मला समजते. समजल्याने दुःख कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मात्र माझा वाद आहे.

मला गुंडाळून खोक्यात भरायचे होते त्या दिवशी दोसिंदाचा फोन आला. मैत्रीने तो उचलला आणि टेबलावर ठेवला, कारण तिच्या हातात कागद आणि फोम होता.

"पोरी, भाच्यानं सांगितलं मला. नाही येत म्हणे आमचा."

"नाही, आजी. पुरावा कमी पडला."

"हं." पलीकडे कोठेतरी कुत्रे भुंकत होते. "मी रात्रंदिवस एकच विचार करतेय. तू त्या दिवशी ढगाचं विचारलंस ना, तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता. त्या ढगाचं काही...? आम्ही तो जाळायला नको होता का? खरं सांग. आमचं काही चुकलं का?"

मैत्रीच्या हातातला कागद थांबला. ही तीच मुलगी होती, जिने माझ्यासाठी एक शब्द वाकवला नव्हता. जिच्या बापाने हात जोडावेत तसे विनवले तरी जी हलली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"नाही, आजी," ती म्हणाली. "तो ढग कुजलेलाच होता. त्यात काही मिळालं नसतं. तुम्ही अगदी योग्य केलंत."

"खरं?"

"अगदी खरं."

"मग बरं झालं," दोसिंदा म्हणाली, आणि तिने इतका लांब श्वास सोडला की तो या टेबलापर्यंत आला. "मग बरं झालं, पोरी. मला वाटलं, माझ्याच हातानं..."

फोन बंद झाल्यावर मैत्रीने माझ्या चेहऱ्यावर कागद ओढला. तिचे हात स्थिर होते. तिने फार नीट, फार हळू मला गुंडाळले; माझ्या ढगाखाली तिने दुहेरी फोम घातला.

लिलावात विकला जाऊन सध्या मी आर्नहेममध्ये एका वीज कंपनीच्या कार्यालयात असतो. स्वागतकक्षात दोन कुंड्यांच्या मध्ये मला उभे केले आहे. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने माझ्या छातीत एक नवा तडा गेला आहे; तो अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही. वालदोरेसच्या चर्चला, ऐकतो त्याप्रमाणे, आता महिन्यातून एकदाच कुलूप निघते. दोसिंदा गेली की तेही निघणार नाही. माझा भाऊ त्या अंधारात आहे, आणि मी या उजेडात आहे.

शाळेच्या निबंधांतल्या जुन्या छत्र्या, जुनी घड्याळे आत्मवृत्ताच्या शेवटी तुम्हाला सांगतात, आमची काळजी घ्या. मी तसे सांगू शकत नाही, मित्रांनो. माझी काळजी सर्वांनी घेतली. दर शनिवारी धूळ झाडणाऱ्याने घेतली, भोके भरणाऱ्या भाच्याने घेतली, खरे तेच लिहिणाऱ्या मैत्रीने घेतली. मी तुमच्याकडे एवढेच मागतो: एखादी जुनी वस्तू कोणाच्या हाती कुजताना, भंगताना दिसली, आणि तिच्याविषयी तुम्हाला काही ठाऊक असले, तर खात्री होईपर्यंत गप्प बसू नका. त्या माणसाला आधी सांगा की हे इतक्यात दुरुस्त करू नका, मला याच्यात काही दिसते आहे. आशा फोल ठरली तर माणूस काही दिवस रडेल. तेवढे रडणे दोसिंदाला सहज सोसले असते.